मुळांची चुंबळ : शाळेच्या आवारातल्या दोन रांगांचं प्रकरण

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या शाळेच्या आवारातली चौदा झाडं गेली. बारा दक्षिणेच्या रांगेतली, दोन उत्तरेच्या. दोन्ही रांगा अकरा वर्षांपूर्वी एकाच पावसाळ्यात लागलेल्या, एकाच काळ्या जमिनीत, मध्ये फक्त खेळाचं मैदान. वारा पश्चिमेकडून आला. रांगा पूर्व-पश्चिम असल्यामुळे तो दोन्हींना सारखाच लागला, आडोसा कोणालाच नव्हता. मग इतका फरक का पडला, हे बघायला पुढचे नऊ दिवस मी कुदळ, पाण्याची नळी आणि एक वही घेऊन तिथे होतो. त्या वहीतलं इथे सविस्तर मांडतो आहे. आषाढ लागला की गावोगाव पिशवीतली रोपं लावली जातात, आणि त्या पिशवीत मुळांचं काय झालं आहे हे लावणाऱ्याला बहुतेक वेळा झाड पडल्यावरच कळतं.

गाव शिरपूर तालुक्यात, अनेर नदीच्या अंगाला. उत्तरेला सातपुडा दिसतो, दक्षिणेला तापी. जमीन खोल काळी. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर गेला की तिला अशा भेगा पडतात की मुलांचे चेंडू त्यात अडकतात. पाऊस पडला की तीच जमीन फुगते आणि लोण्यासारखी निसरडी होते. झाडाच्या दृष्टीने ही फार कठीण जमीन आहे. उन्हाळ्यात ती बारीक मुळं तोडते आणि पावसाळ्यात मोठ्या मुळांची पकड सैल करते.

दोन रांगा कशा लागल्या

दक्षिणेची रांग रीतसर लागली. एका योजनेतून ट्रॉलीभर रोपं आली, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतली, कमरेएवढी उंच, हिरवीगार. चोवीस लावली: नऊ निंब, सहा गुलमोहर, पाच करंज, चार पीतमोहर. एकाच दिवसात खड्डे, रोपं, फोटो, सगळं उरकलं. प्रत्येक रोपाला बांबू रोवला, नायलॉनच्या सुतळीने घट्ट आवळला. पुढे गावातल्या एका केळी बागायतदाराने जुनी ठिबकची नळी दिली. ती बुंध्यालगत अंथरली आणि रोज सकाळी अर्धा तास पाणी सुरू झालं. या सगळ्यात मी पुढे होतो आणि मनापासून होतो.

उत्तरेची रांग आबांनी लावली. शाळेला लागून त्यांचं वावर. रोपं उतरवताना ते कुंपणापाशी उभे होते. एक पिशवी त्यांनी हातात घेतली, उलटी केली, बुडाच्या छिद्रातून बाहेर आलेलं पिवळट मूळ बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, आधी मूय देखा, झाड मंग देखा." मला तेव्हा ते बोलणं जुन्या माणसाचं नुसतं बोलणं वाटलं. पण त्यांनी उत्तरेची बाजू मागितली आणि रोपं नकोत, पाचवी-सहावीची पोरं द्या म्हणाले.

पोरांना घेऊन त्यांनी बिया पेरल्या, जिथे झाड हवं तिथेच. प्रत्येक बीजाची त्यांची वेगळी रीत होती. अंजनाच्या शेंगा चपट्या, कागदासारख्या, टोकाला एकच बी. त्या उन्हाळ्यात सातपुड्याच्या उतारावरून गोळा केलेल्या होत्या. चिंचोके रात्रभर पाण्यात. बाभळीच्या बिया शेळ्या रात्री बसतात त्या जागेवरून वेचलेल्या, कारण शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर फुटतं. टणक कवच तिथे मऊ पडतं. बहाव्याचं बी दगडावर एका कडेने घासून मग भिजवायचं, नाहीतर ते वर्षभर तसंच पडून राहतं. निंबोळ्यांसाठी मात्र आबा आषाढापर्यंत थांबले. निंबोळीचं बी फार टिकत नाही, काही आठवड्यांत त्याची उगवणशक्ती घसरते. म्हणून पिकून पिवळी झालेली निंबोळी त्याच आठवड्यात वेचायची, गर चोळून काढायचा, राखेत घोळून धुवायची, सावलीत दोन दिवस सुकवायची आणि बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर आडवी पेरायची. पोरांचे हात त्या गराने चिकट झाले होते आणि सगळ्या वर्गाला कडवट-गोड वास येत होता.

प्रत्येक जागी दोन हात खोल माती मोकळी करून वर चार बिया, आणि भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. पाण्यासाठी बुंध्यापासून हातभर लांब मडकं पुरलेलं, तेही फक्त दोन उन्हाळे. दर वर्षी मडकं थोडं लांब सरकवायचं. बांबू एकालाही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात चारांतलं एक ठेवायचं तेव्हा आबा सर्वांत उंच रोप ठेवत नव्हते. जमिनीलगत ज्याची काडी जाड, ते ठेवत होते.

दोन वर्षं पालक विचारत राहिले की उत्तरेला काही लावलंय का. दक्षिणेची झाडं डोक्यावर गेली होती आणि उत्तरेचा अंजन अजून वीतभर. अंजनाची ती जातच तशी. पहिली काही वर्षं तो वर फारसा वाढत नाही, खाली जातो. खान्देशातल्या उघड्या मुरमाड टेकड्यांवर, जिथे दुसरं झाड तग धरत नाही, तिथे अंजन उभा दिसतो तो त्या खोल गेलेल्या मुळाच्या जोरावर.

शेवटी उत्तरेला एकोणीस झाडं राहिली: सात निंब, चार चिंचा, तीन अंजन, तीन बाभळी, दोन बहावे.

ती संध्याकाळ

सुट्टी होती म्हणून आवारात एकही मूल नव्हतं, हे आधी लिहितो. पाचच्या सुमारास पश्चिमेला धुळीची तांबूस भिंत उभी राहिली. वळवाच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे फुटते, तो वारा. चक्रीवादळासारखा तो तासन् तास वाहत नाही, पण पहिला झोत असा येतो की झाडाला सावरायला वेळ मिळत नाही. वारा आधी आला, पाऊस नंतर. वीस मिनिटांत गावातले पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले आणि गावाभोवतीची केळी आडवी झाली. केळी पडणं हे आमच्याकडचं दरवर्षीचं दुःख आहे. फळपीक विम्यात वाऱ्याचा वेग हा वेगळा निकष आहे तो उगीच नाही. पण केळ हे झाडच नव्हे. त्याचं खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ. निंब-गुलमोहर पडतात ती गोष्ट वेगळी आणि तिची कारणंही वेगळी.

सकाळी मोजणी केली. दक्षिणेला पाच गुलमोहर, दोन पीतमोहर आणि चार निंब मुळासकट उपटलेले, एक निंब खोडात मोडलेला. उभ्या राहिलेल्या चार निंबांपैकी दोन कललेले. करंज पाचही जागेवर. उत्तरेला एक चिंच उपटलेली आणि एक बाभूळ चिरलेली. बाकी सतरा झाडांच्या खाली पानांचा आणि डहाळ्यांचा खच होता, झाडं सरळ.

गुलमोहर मी या तुलनेतून लगेच बाजूला काढला. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष, मुळं वरवरची, लाकूड ठिसूळ, छत्री पसरट. तो वादळात पडतो यात नवल नाही, पिशवीतला असो की पेरलेला. निंबाशी निंबच लावून बघायचा असं ठरवलं. पिशवीतल्या नऊंपैकी पाच गेले, दोन कलले. पेरलेल्या सातांपैकी एकही हलला नाही. इतक्या थोड्या झाडांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण एकेका झाडाची मुळं समोर उघडी पडली होती आणि ती सरळ सांगत होती.

मुळं धुतली तेव्हा

पहिला निंब मुख्य फाटकाजवळचा. दुमजली घराएवढा उंच, खोड दोन हातांच्या कवेत बसेल एवढं, आणि त्याच्यासोबत जमिनीतून वर आलेली मातीची चकती जेमतेम तीन फुटांची. एवढ्या झाडाचा एवढासा पाया बघून मला खरोखर धक्का बसला. नळीने माती धुवायला लागलो. वरचा थर गेला आणि बुंध्याच्या अगदी खाली मुळांचं वेटोळं दिसलं. घागरीखाली बायका डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवतात ना, तंतोतंत तशी. मनगटाएवढी मुळं एकावर एक गोल फिरलेली, एकमेकांत रुतलेली. वेटोळ्याचा आकार वीतभर, म्हणजे अकरा वर्षांपूर्वीच्या त्या पिशवीएवढा. दोन मुळांच्या बेचक्यात बोट घातलं तर काळ्या प्लास्टिकची पट्टी हाताला लागली.

बाकीची तीन झाडंही अशीच निघाली. एकाचं सोटमूळ पिशवीच्या बुडाला टेकून इंग्रजी जे अक्षरासारखं वर वळलेलं होतं आणि तसंच जाड झालेलं होतं.

हे कसं होतं ते समजून घ्यावं. बी फुटलं की आधी मूळ निघतं आणि सरळ खाली जातं. पिशवीत ते थोड्याच दिवसांत बुडाला टेकतं. आडवी मुळं कडेला टेकतात आणि गुळगुळीत प्लास्टिकला धरून गोल फिरायला लागतात. रोप पिशवीत जितकं जास्त राहील तितकं हे वेटोळं पक्कं होतं, आणि एकदा लाकूड धरलं की जमिनीत लावल्यावरही ते उलगडत नाही. पुढे त्यातून नवी मुळं बाहेर जातात, झाड हिरवं राहतं, फुलतं, सावली देतं. फक्त त्याचा पाया चुंबळीवर ठेवलेल्या घागरीसारखा असतो. ट्रॉलीतली कमरेएवढी उंच रोपं बघून आम्ही खूश झालो होतो, आणि त्या उंचीचा अर्थच असा होता की ती पिशवीत फार काळ राहिली होती.

आता वाऱ्याचं गणित. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. झाड भिंतीसारखं ताठ राहत नाही, डहाळ्या वाऱ्याच्या दिशेला वळतात, पानं एकमेकांवर मिटतात, म्हणून प्रत्यक्षातली ओढ चौपटीपेक्षा काहीशी कमी भरते. निंब, चिंच, बाभूळ यांच्या बारीक पानांना हे चांगलं जमतं. उरलेला जोर खोडावाटे खाली उतरतो आणि झाड स्वतःच पहार होऊन जमीन उचकटायला बघतं. त्या वेळी वाऱ्याच्या बाजूची मुळं दोरखंडासारखी ताणली जातात, पलीकडची मुळं टेकू देतात, आणि मुळांत गुंतलेल्या मातीचं वजन झाडाला खाली धरतं. म्हणजे एकटं सोटमूळ झाड धरत नाही, तो समज मीही बाळगून होतो. चहूबाजूंनी सरळ, लांब गेलेली आडवी मुळं आणि त्यांच्यापासून खाली उतरलेली मुळं मिळून झाड धरतात. जागेवर पेरलेल्या बीला ही मांडणी पहिल्या पावसाळ्यापासून मिळते, कारण तिथे मुळाला वळवणारं काही नसतं. चुंबळीत दोरखंडच नाही, सगळा सुताचा गुंडा.

रोजच्या ठिबकने आणखी घात केला. बुंध्यालगत हातभर माती कायम ओली, मुळं तिथेच थांबली. त्या ओल्या चकतीच्या कडेने बाहेर कोरडी, भेगाळलेली जमीन. मला दिसलं ते असं, की झाडं बरोबर त्या कडेवर सुटली होती, विटेसारखी. आबांचं दर वर्षी लांब सरकणारं मडकं मुळांना बाहेर ओढत होतं, हे मला त्या दिवशी उमगलं.

मोडलेल्या निंबाची गोष्ट निराळी. त्याच्या खोडावर छातीच्या उंचीला खोल वळ होता, नायलॉनच्या सुतळीचा. सुतळी आम्ही तीन वर्षं काढलीच नव्हती. खोड बरोबर त्या वळावर मोडलं. सुतळीने खोड कापलं हे तर दिसतंच होतं, पण घट्ट बांधण्याचं आणखी एक नुकसान आहे. झाड वाऱ्यात हललं की ते बुटकं आणि जाड होतं, मुळंही वाढवतं. १९७३ साली एम. जे. जॅफी या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोज काही क्षण नुसतं बोटांनी चोळलेल्या रोपांत हा बदल दाखवला आणि त्याला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं भलं लांब नाव दिलं. हलणं हे रोपाचं शिक्षण असतं. ते आम्ही दोरीने बंद केलं होतं. बांबू लावायचाच तर बुटका, बांधणी सैल, आणि पहिल्या वर्षानंतर तो काढायचा.

जे नियमात बसत नव्हतं

दक्षिणेचा सातवा निंब. पिशवीतलाच, सरळ उभा, कलला सुद्धा नाही. त्याचं मला कोडं पडलं होतं. मग आठवलं. लावायच्या दिवशी सहावीतल्या एका मुलाच्या हातून ती पिशवी फाटली होती, मातीचा गोळा फुटून मुळं लोंबकळत होती आणि तो रडायला आला होता. मी त्याला म्हटलं होतं, लाव तसंच. त्याने मुळं हाताने पसरून खड्ड्यात ठेवली होती. आता झाडाच्या एका बाजूने हातभर खोल चर खणून पाहिला. मांडीएवढं मूळ बुंध्यापासून सरळ पश्चिमेला गेलेलं, पाच फुटांवरही ते मनगटाएवढं होतं. रोप खराब झालं म्हणून तो मुलगा रडला आणि त्या दिवशी नीट लागलेलं बहुधा ते एकच रोप होतं.

करंज पाचही पिशवीतले आणि पाचही उभे. एकाच्या बुंध्याशी खणलं तर तिथेही थोडं वेटोळं सापडलं. पण करंज आमच्याकडे ठेंगणा राहिला, घेर खाली. पहारच आखूड असेल तर उचकटणं अवघड. मी त्यांना सुटले असंच म्हणेन, वाचले म्हणणार नाही.

उत्तरेची उपटलेली चिंच बघून मात्र वाईट वाटलं. चिंच सहसा पडत नाही. तिच्या पश्चिमेच्या अंगाला, बुंध्यापासून दोन फुटांवर, गेल्या वर्षी पाइपलाइनसाठी जेसीबीने चर खणला होता. मुळं धुतली तेव्हा त्या बाजूची तीन मोठी मुळं सुरीने कापल्यासारखी तुटलेली, टोकं काळी पडून कुजायला लागलेली. नेमके वाऱ्याकडचे दोरखंड तुटलेले होते. दहा वर्षं नीट वाढलेलं झाड एका दुपारच्या खोदकामाने गेलं, आणि चर बुजवल्यावर वरून काहीच दिसत नव्हतं.

बाभूळ उपटली नाही, दुबेळक्यातून चिरली. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अगदी अरुंद कोनात वर गेल्या होत्या आणि मध्ये साल दबली होती. अशा जोडात लाकूड लाकडाशी सांधत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यातली एक कात्रीने काढली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

फ्लोरिडा विद्यापीठाच्या मेरी ड्युरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या अँड्र्यू या चक्रीवादळापासून पुढे अनेक वादळांनंतर शहरातली पडलेली झाडं तपासली. मुळांना मोकळी जागा असलेली, वेळच्या वेळी छाटलेली आणि एकटी नसून घोळक्याने लावलेली झाडं जास्त टिकली, असं त्यांना आढळलं. वहीत हे तीन मुद्दे मी आमच्या झाडांशेजारी लिहिले तेव्हा तिन्हींना आमच्या आवारात उदाहरण सापडलं.

त्यानंतर

कललेले दोन निंब ठेवायचे की काढायचे यावर बरीच चर्चा झाली. कोवळं झाड असतं तर सरळ करून आधार दिला असता. पण शाळेचं आवार, बुंध्याशी चुंबळ स्पष्ट दिसत होती. दोन्ही उतरवले.

उरलेल्या झाडांखालची जमीन मैदानातल्या पायांनी दगडासारखी घट्ट झाली आहे. १६ ऑक्टोबर १९८७ च्या वादळात दक्षिण इंग्लंडमध्ये सुमारे दीड कोटी झाडं पडली. त्या रात्री लंडनच्या क्यू उद्यानातला १७९८ सालचा एक ओक वाऱ्याने मुळांसकट उचलला आणि परत जागेवर बसवला. आधीच खंगलेला तो ओक पुढच्या काही वर्षांत टवटवीत झाला, कारण लोकांच्या पायांनी दबलेली माती मोकळी होऊन मुळांना हवा मिळाली होती. ती गोष्ट मी ग्रामसभेत सांगितली. आता प्रत्येक झाडाच्या घेराखाली पालापाचोळा अंथरला आहे, पहारीने अधूनमधून भोकं पाडून त्यात शेणखत भरलं आहे, आणि बुंध्याला चुना-गेरू फासणं व खिळे ठोकणं बंद झालं आहे.

पुढच्या रोपांसाठी आमच्या इथल्या रोपवाटिकेतल्या मुलांशी बोललो. पिशवीतलं रोप वाईटच असं मी म्हणत नाही. जिथे गुरं फिरतात, पाणी नाही, राखण नाही, तिथे पेरणी फसते. पण रोप लहान असतानाच लावावं, पिशवी पूर्ण काढावी, बुडाचा दोन बोटं थर धारदार सुरीने उडवावा, कडेला उभे तीन-चार काप द्यावेत. आतून उभ्या रेघा असलेले रूट ट्रेनर, म्हणजे रोपं वाढवायचे खास साचे, वापरले तर मुळं गोल न फिरता खाली उतरतात.

दक्षिणेच्या चौदा मोकळ्या जागांवर यंदा पेरणी केली. आबा आता फारसं चालत नाहीत, खुर्ची टाकून बसले होते. निंब सहा जागी, चिंच चार, अंजन चार. श्रावणात बघितलं तर अकरा जागी उगवण झाली होती, तीन ठिकाणी मोरांनी बी उकरून खाल्लं होतं. एका पोराने अंजनाचं रोप कुतूहलाने उपटून आबांकडे आणलं. वर चार बोटं देठ आणि दोन पानं. खाली मूळ हातभर, आणि टोक तर जमिनीतच तुटून राहिलेलं. आबांनी ते सगळ्या पोरांच्या हातांतून फिरवलं, मग त्या पोराला मूठभर चिंचोके देऊन त्याच खड्ड्याकडे पाठवलं.